काहीच न दिलेला वाफा

सरांना घरी दाढी करताना कुणी पाहिलं नव्हतं. सामान सगळं होतं. खिडकीत आरसा, ब्रश, साबणाची वाटी. मी स्वतः पाहिलंय, सगळं ठणठणीत कोरडं. पण दाढीला सर जायचे ते जिंतूर रस्त्यावरच्या सलूनातच, आणि तेही दिवसाआड. डोक्यावर केस नव्हतेच म्हटलं तरी चाललं असतं. जे होते तेही ते वरचेवर कापून घ्यायचे आणि वर ‘जरा मालिश कर’ म्हणून खुर्चीत डोळे मिटून बसायचे. सरांच्या डोक्यावर केसांपेक्षा कात्र्याच जास्त फिरतात, असा आमचा विद्यार्थ्यांचा एक ठरलेला विनोद होता. नव्या पोरांना तो ऐकवायची जबाबदारी माझ्याकडे असायची आणि मी ती हौसेनं पार पाडायचे.

मी तेव्हा परभणीबाहेरच्या एका शेतीसंशोधन केंद्रात पीएच.डी. करत होते आणि सर माझे मार्गदर्शक होते. ते रागवायचे आणि मी शिकायचे, अशी आमची पद्धत. काम होतं झाडांमधली संजीवकं मोजण्याचं. संजीवक हा शब्द आमच्या भागात शेतकऱ्यालाही नवा नाही. दुकानात ते बाटलीत मिळतं आणि फुलं गळायला लागली की सगळे ते फवारतात. पण झाड स्वतःही आपली संजीवकं बनवत असतं. पाणी कमी पडलं की एक वाढतं, अळीनं कुरतडलं की दुसरं. एवढ्याशा पानात ती इतकी थोडी असतात की आहेत असं म्हणायलाही धीर लागतो. ती मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र लागतं. आमच्या केंद्राला ते एका प्रकल्पातून मिळालं होतं, आणि ते नीट चालवू शकेल असा माणूस अख्ख्या केंद्रात एकच होता.

शेतकऱ्यांची सहल आली की सर त्यांना यंत्रापाशी उभं करायचे आणि सांगायचे, “मोंढ्यात धान्य तोलायला काटा असतो ना, तसलाच काटा हाय ह्यो. फक्त पोतं लय बारीक हाय.” एवढ्यात सगळं सांगून झालं असं त्यांना वाटायचं. कुणी चुकून पुढचं विचारलं तर मात्र सगळ्यांची दुपार गेलीच म्हणून समजा.

या यंत्राच्या पोटात हवा चालत नाही. ती बाहेर ओढायला एक पंप अष्टौप्रहर घरघरत असे. तो बंद पडला की आत हवा शिरते आणि मग सगळं जागेवर यायला दिवसचे दिवस जातात. परभणीत वीज जाणं ही काही बातमी नव्हे. त्यामुळे बॅटऱ्या, जनरेटर आणि या दोहोंवर काडीचा विश्वास नसलेले सर, अशी आमची तिहेरी व्यवस्था होती. सरांनी कुठं जाणंच सोडलं होतं. बोरीला त्यांचे भाऊ, पुतणे, शेती, सगळं होतं. जिंतूरच्या एसटीत बसलं की बोरी काही लांब नाही. पण पुतण्याचं लग्न असो की बारसं, सरांचा निरोप एकच जायचा, पंप चालू आहे, येता येत नाही. बोरीच्या मंडळींना कितीतरी दिवस प्रश्न पडला होता, की हा माणूस एवढं पाणी कुणाच्या रानाला देतोय. मग हळूहळू त्यांनी बोलावणंच सोडलं.

मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्या तेव्हा मी शाळेत असेन. मूलबाळ नव्हतं. केंद्राच्या क्वार्टरमध्ये सर एकटे राहत आणि मेसमध्ये जेवत. तिथंही भिंतीकडे तोंड करून बसायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, या बाजूनं पंपाचा आवाज ऐकू येतो. मी एकदा त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. मला भांड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही.

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे. मी गंगाखेडची, म्हणून मी गंगाखेड. माझ्याबरोबरचा एक मुलगा येलदरीचा होता, तो येलदरी. ‘गंगाखेड, कात्री आण. येलदरी, दार लाव.’ बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटलं असतं. त्यांना स्वतःला मात्र नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आमच्यासाठी ते नुसते सर. त्यांच्या पाया पडायचीही सोय नव्हती. गुरुपौर्णिमेला आम्ही वाकायला लागलो की ते असे मागं सरकायचे की एकदा कपाटावर आपटले होते. ‘न्हाई न्हाई, लांबून, लांबून,’ म्हणत हात वर करायचे. लाजायचे, दुसरं काही नाही.

पान कापणं हा सरांच्या धर्मातला सगळ्यात मोठा विधी. झाडाला नुसता धक्का लागला तरी त्याच्या आत एक संजीवक चढायला लागतं, जास्मोनेट नावाचं. जखम झाली, अळी लागली, वारंवार हात लागला, की ते वाढतं. म्हणून पान कापताना झाडाला कळताच कामा नये. आपली सावली पानावर पडू द्यायची नाही. बोलायचं नाही. कात्रीनं देठ कापायचा आणि खाली धरलेल्या थंडगार द्रव नायट्रोजनमध्ये ते पान थेट पडू द्यायचं, बोट न लावता. मी सुरुवातीला एक पान पकडून कापलं. सरांनी ते माझ्या हातातून घेऊन बांधावर टाकून दिलं.

“काय करायलीस तू? हात लावला की पान बदलतंय. मग तू पान मोजायली न्हाईस, गंगाखेड. तुझा हात मोजायलीस.”

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की आजही माझ्या प्रयोगशाळेतल्या मुलींना तेच ऐकवते, फक्त पुस्तकी मराठीत.

द्रव नायट्रोजन मिळायचा गुरांच्या दवाखान्याच्या गाडीवरून. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात, त्यांच्या टाकीतून सर आपला वाटा घ्यायचे. आमच्या जीपमध्येही दवाखान्यातल्यासारखाच कॅन, त्यातून तसलाच पांढरा धूर. एकदा येलदरीच्या गावाकडे एका शेतकऱ्याच्या तुरीची पानं घ्यायला गेलो होतो. कॅन पाहून एका म्हातारीनं तिची गाय सोडून आणली आणि आमच्यापुढं उभी केली. येलदरी हसून हसून खाली बसला. सर नाही हसले. त्यांनी म्हातारीला सांगितलं, आम्ही ते नव्हे, पण थांबा. मग दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि तो येईपर्यंत गायीचा कासरा धरून उभे राहिले. आमची सकाळ वाया गेली, ऊन चढलं, त्या दिवशीची पानं घेता आली नाहीत. मी चिडले होते. परतताना जीपमध्ये सर एवढंच म्हणाले की ती बाई एकटी होती, गायीला घेऊन दवाखान्यात कोण गेलं असतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

सरांची नोकरी संपायला फार दिवस उरले नव्हते तेव्हाचा हा हंगाम. प्रश्न साधा होता. तुरीची फुलगळ थांबावी म्हणून शेतकरी दुकानातलं जे टॉनिक फवारतात, त्यानं झाडाच्या आत खरोखर काही होतं का? आम्ही तुरीचे वाफे आखले. काहींना टॉनिक फवारलं, काहींवर प्लास्टिक धरून पावसाचं पाणी तोडलं, आणि काहींना काहीच केलं नाही. या शेवटच्यांना शास्त्रात कंट्रोल म्हणतात. बाकीच्यांची तुलना यांच्याशी करायची, म्हणून यांना हात लावायचा नाही, फवारायचं नाही, पावसाचं पाणी पडेल तेवढंच. कोणत्या वाफ्यात काय केलंय हे बाहेरच्यांना कळू नये म्हणून पाट्या लावल्या नव्हत्या. नुसत्या खुंट्या आणि त्यांच्यावर आकडे. तिन्ही प्रकारचे वाफे शेतभर विखुरलेले, आणि कोणता आकडा म्हणजे काय, हे फक्त सरांना आणि मला माहीत होतं.

या हंगामावर यंत्राचं राहणं अवलंबून होतं. प्रकल्प संपत आला होता. बाहेरून समिती येणार होती. निकाल चांगला दिसला तर प्रकल्प वाढणार आणि यंत्र परभणीत राहणार, सरांनाही निवृत्तीनंतर मानधनावर ठेवणार, असं केंद्रप्रमुखांनी तोंडी सांगितलं होतं. नाही दिसला तर यंत्र दुसऱ्या मोठ्या केंद्रात जाणार. सर यावर काही बोलत नसत. पण त्या वर्षी ते पंपाचं तेल वेळेच्या आधीच बदलायचे आणि बदलून झालं की फडक्यानं त्याचं झाकण पुसत बसायचे.

सकाळी मी गंगाखेडहून येऊन शेतात पोचायचे तेव्हा सर आधीच आलेले असायचे. एक बादली पालथी घालून त्यावर बसलेले, कधी या वाफ्यात, कधी त्या. काहीतरी पुटपुटत असायचे. मेसमधल्या आमटीत मीठ जास्त होतं, सलूनवाल्याच्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले, असलं काहीबाही. शेतात माणूस झाडापाशी बसला तर त्यात कुणाला काय दिसणार? सर अळ्यांची अंडी शोधतायत असं समजून मी माझ्या कामाला लागायचे.

तूर फुलावर आली, आम्ही पानं घेतली, मोजली. निकाल इतका देखणा आला की मी प्रयोगशाळेतून धावतच प्रमुखांकडे गेले. टॉनिक फवारलेल्या वाफ्यांत जास्मोनेट शांत होतं आणि काहीच न दिलेल्यांत चढलेलं. म्हणजे टॉनिक काम करतंय, झाडाला दिलासा मिळतोय. प्रमुखांनी पेढे मागवले. सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. मला म्हणाले, ज्याला आपण काहीच केलं नाही तो शांत पाहिजे. तो का ओरडायला लागलाय?

त्यांच्या डोक्यात ते बसलं. कोणीतरी आपल्या कंट्रोलच्या वाफ्यांत जातंय. आधी बकऱ्यांवर संशय आला, म्हणून काटेरी कुंपण झालं. मग अळीवर, म्हणून प्रत्येक पान भिंगातून पाहून झालं, अळी नव्हती. मग शेताच्या वाटेनं शेजारच्या कॉलेजच्या हॉस्टेलला जाणाऱ्या पोरांवर, म्हणून वाट बंद झाली आणि प्राचार्यांकडे तक्रार गेली. शेवटी सर स्वतःच राखणीला बसायला लागले. सकाळी दोन घटका बसायचे ते आता दुपारीही जायचे, संध्याकाळीही. पालथी बादली आणि ते. काहीच न दिलेल्या वाफ्यांतून फेऱ्या मारायचे, एकातून उठून दुसऱ्यात.

पुन्हा पानं घेतली. त्या वाफ्यांत जास्मोनेट आणखी वाढलं होतं.

त्या दिवशी सर यंत्रासमोर बसून होते. पडद्यावर एकाशेजारी एक शिखरं उभी, कंट्रोलची उंच, बाकीच्यांची ठेंगणी. त्यांनी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. असं ते कधी सांगत नसत.

“बकरीला आपला नकाशा कळतोय का?”

“नाही सर.”

“अळीला? पोरांना?”

“नाही.”

“मग हे खेपेखेपेला त्याच वाफ्यांत कामून वाढायलंय? शेतभर विखुरलेत ते. शेजारच्यांत न्हाई, तेवढ्यांतच. ज्याला ठावं हाय कोणता वाफा कोणता, त्याचंच हे काम हाय. आन ठावं दोघांनाच हाय.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी सांगितलं की मी पानं घेण्यापलीकडे त्या वाफ्यांत कधी पाऊल टाकलेलं नाही. ते खरंच होतं. सरांनी मान हलवली. मग त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. पंप घरघरत होता. मलाही तेव्हाच सगळं दिसलं, त्या सकाळी, ती बादली, त्यांचं ते पुटपुटणं, आणि बोलता बोलता झाडावरून सहज फिरणारे त्यांचे हात. ते मी रोज पाहिलं होतं. माणूस बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो तसे ते हात फिरत असत.

सर उठून शेताकडे गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी बादली उचलून बांधावर ठेवली आणि तिच्यावर बसले, हात काखेत दाबून. उन्हात तूर पिवळी फुललेली होती. मग ते म्हणाले.

“मला वाटलं मी नुसता बसतो. हात कवा लागत होता, मला खरंच ठावं न्हाई.”

मी विचारलं, सर, पण याच वाफ्यांत का? बाकीच्यांतही बसता आलं असतं.

“बाकीच्यांना आपण काय ना काय देतच होतो की. कुणाला फवारा, कुणाला ताण. ताण म्हंजे बी कुणीतरी इचारलंच की. यांना काहीच न्हाई. यांच्याकडं नुसतं बगायचं आन मोजायचं.” मग दुसरीकडे पाहत म्हणाले, “माणसाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत न्हाई, गंगाखेड. सलूनवाला सोडला तर.”

माझ्या तोंडून तो विनोद किती वेळा गेला होता, ते आठवून माझे कान तापले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझ्या पीएच.डी.चं एक अख्खं वर्ष त्या वाफ्यांत होतं.

प्रमुखांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग वैतागले. निकाल चांगला आहे, कुणाला काही कळलेलं नाही, समिती येतेय, मग उगाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. फार तर कंट्रोलमध्ये थोडी अळी होती असं लिहा आणि मोकळे व्हा. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं, यंत्र जावं असं त्यांनाही वाटत नव्हतं. मी सरांना म्हणाले की आपण पुढच्या वर्षी पुन्हा वाफे घालू, आत्तापुरतं राहू द्या. सर म्हणाले, आत्तापुरतं राहिलं तर उद्या ते छापून येईल, आणि परवा बोरीचा माझा पुतण्या ते वाचून उधारीनं बाटल्या आणेल. बाटलीनं काही झालेलं नाही. झालंय ते माझ्यानं.

समितीच्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी नुकतीच केलेली होती. बाहेरून आलेले तिघे जण समोर बसले होते, चहा-बिस्किटं मांडलेली. सरांनी पडद्यावर तीच शिखरं दाखवली. मग इंग्रजी सोडून ते आपल्या नेहमीच्या बोलीत बोलायला लागले, म्हणजे आता ते कुणाला घाबरत नाहीत हे मला कळलं.

“या वाफ्यांत अळी न्हाई, बकरी न्हाई. माझा हात हाय. मी रोज त्यांच्यात जाऊन बसायचो आन हात फिरवायचो. म्हून हा निकाल तुरीचा न्हाई, टॉनिकचा बी न्हाई. आमी माझा हात मोजलाय.”

एक जण हसायला लागला. बाकी कुणी हसलं नाही तसा तो बिस्किटाकडे वळला. त्यांच्यात एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी फार हळू आवाजात विचारलं की रोज जात होता? सर हो म्हणाले. बाईंनी समोरची फाइल मिटली. प्रमुख खिडकीबाहेर पाहत होते.

प्रकल्प वाढला नाही.

यंत्र न्यायला ट्रक आला तो उन्हाळ्यात, सरांच्या निवृत्तीच्या जरा आधी. असा पंप फटकन बंद करत नाहीत, सावकाश उतरवत आणावा लागतो. ते काम सरांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एक एक झडप मिटत गेली आणि घरघर बारीक होत होत थांबली. मी त्या खोलीत इतकी वर्षं काढली होती, पण ती खोली अशी ऐकली नव्हती. बाहेरच्या लिंबावरचे कावळे ऐकू आले, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. हमालांनी दोर आवळले. सर त्यांना ‘आस्ते, आस्ते’ म्हणत ट्रकपर्यंत गेले, ट्रक फाटकातून बाहेर पडला तरी काही वेळ तिथंच उभे होते. मग सायकल काढून सलूनाकडे गेले. दाढी आदल्याच दिवशी झालेली होती.

मी पुढं पुन्हा वाफे घातले, दुसरीकडे पानं पाठवून मोजून घेतली आणि पीएच.डी. पुरी केली. टॉनिकनं तुरीला काही झालेलं दिसलं नाही. आता मी नाशिकला द्राक्षांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तसल्याच यंत्रापाशी बसते. खोली थंड, दार बंद, पंप चालू. दिवस दिवस कामापलीकडे कुणाशी बोलणं होत नाही. कधी कधी बाहेर येऊन पार्किंगमधल्या कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवते, आणि मग मला हसू येतं आणि ते फार वेळ टिकत नाही.

गेल्या वर्षी तूर फुलायच्या दिवसांत गंगाखेडला घरी आले होते, तेव्हा बोरीला जाऊन आले. सर भावाच्या घराला लागून एक खोली बांधून राहतात. पुतणे चांगले आहेत, सुना वेळेवर ताट देतात, पण ताट खोलीत येतं आणि सर खोलीत जेवतात. इतकी वर्षं दूर राहिलेल्या माणसाशी काय बोलावं हे त्यांनाही समजत नसावं. सर बारीक झालेत. मला पाहून ते खुर्चीतून उठले आणि ‘गंगाखेड’ म्हणाले.

ओट्यासमोर तुरीच्या ओळी होत्या, रानापर्यंत गेलेल्या. चहा येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत होते. लांबच्या ओळी माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या, फुलांनी वाकलेल्या. ओट्याला लागून असलेली एकच ओळ मात्र माझ्या कमरेएवढी, बुटकी, खोडं जाड, फांद्या आखूड. तेच बी, तीच माती, पाणीही तेच. आणि तिच्या मधोमध सरांची खुर्ची. ज्या झाडाला रोज हात लागतो ते उंच जात नाही, बसकं आणि टणक होतं, हे मला सरांनीच शिकवलं होतं. इथं मशीन नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. ही ओळ सरांनी लपवली नव्हती आणि कुणाला मुद्दाम दाखवलीही नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसत होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हती.

माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

“लाव हात,” ते म्हणाले. “आता मोजायचं न्हाई.”

मी लावला. तुरीची पानं मऊ असतात, जराशी चिकट. आम्ही दोघंही त्या ओळीपाशी बसलो आणि मी त्यांना नाशिकचं सगळं सांगितलं, यंत्र कसं आहे, पंप कसा आवाज करतो, मुली काय काय चुका करतात. ते ऐकत होते आणि त्यांचा हात झाडावरून फिरत होता. मीही बोलता बोलता तेच करत होते हे मला जरा उशिरा कळलं.

एसटीच्या वेळेला ते फाट्यापर्यंत पोचवायला आले. लांबून बस दिसली. मी वाकले. ते मागं सरकणार हे मला माहीत होतं, नुसती सवय म्हणून वाकले. ते सरकले नाहीत. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. बस येऊन थांबली, दार उघडलं, कंडक्टर ‘चला, चला’ म्हणाला, तरी तो हात निघत नव्हता आणि मलाही सरळ व्हायची घाई नव्हती. कंडक्टरनं परत हाक दिली नाही.

परभणी येईपर्यंत माझ्या केसांना तुरीच्या पाल्याचा वास येत होता.